कुंदाताईंची बैठक

कुंदाताई टिपणीस कुणाच्या घरी सोफ्यावर बसल्याचं आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी पाहिलेलं नाही. दारातून आत यायच्या, चपला बाजूला सरकवायच्या, आणि घरातली बाई "बसा ना" म्हणत सोफ्यावरचे वाळलेले कपडे उचलेपर्यंत या फरशीवर मांडी घालून मोकळ्या. मग घरवालीची पंचाईत. पाहुणा खाली आणि आपण वर हे बरं दिसत नाही, आणि खाली बसावं तर गुडघे ऐकत नाहीत. बहुतेक जणी सोफ्याच्या कडेला टेकून, अर्ध्या वाकून, बसायचं की उठायचं हे न ठरलेल्या माणसासारख्या बोलत राहायच्या. कुंदाताईंना याची मनापासून गंमत वाटायची.

"फरशीनं तुझं काय घोडं मारलंय गं?" त्या विचारायच्या.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत हा प्रश्न मला विचारून झाला. चहा झाला. जायला निघाल्या तेव्हा हात न टेकता, मांडी न सोडता, नुसत्या पुढे झुकून त्या सरळ उभ्या राहिल्या. वय सत्तरीला टेकलेलं. मी पाहतच राहिले, आणि त्यांनाही ते कळलं. मला वाटतं, लोकांनी पाहावं म्हणूनच त्या जरा सावकाश उठायच्या. एवढी हौस त्यांना होती आणि ती त्या लपवतही नसत.

टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी ऑपरेटर म्हणून गेली. कानाला हेडफोनची पट्टी, मान एका बाजूला, दिवसभर खुर्ची. चाळिशीच्या आधीच मान इतकी आखडली की रस्ता ओलांडताना अख्खं अंग वळवावं लागे. तेव्हा कुणीतरी दोन-चार ताणाचे व्यायाम शिकवले, आणि बाईंना नादच लागला. पुस्तकं वाचली, शिबिरं केली, ज्या बाई शिकवत त्यांच्याशी वाद घालून तीही सोडली. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सकाळचा वर्ग सुरू केला. जे यायचे ते सगळे साठीच्या पुढचे. गुडघे, खांदे, कंबर, घोटे, प्रत्येकाची एकेक तक्रार आणि प्रत्येकाची एकेक चटई.

आवाज मात्र ऑपरेटरचाच राहिला. स्वच्छ, सपाट, समोरच्यावर अजिबात न रागावणारा आणि त्याचं अजिबात न ऐकणारा. "पाय लांब. कंबरेतून वाका, पाठीतून नको. तिथंच होल्ड करा." लोक होल्ड करायचे. होल्डवर ठेवून बाई टाकीच्या कडेच्या तुळशीला पाणी घालून यायच्या, असा मोघ्यांचा आरोप होता. मोघ्यांविषयी पुढे सांगते.

वर्गाचा नियम एकच होता आणि तो रोज म्हणून घेतला जायचा. "ताण आला तर स्वागत, कळ आली तर निरोप." ताण म्हणजे स्नायू जागा होतोय, आणि कळ म्हणजे सांधा नाही म्हणतोय. हा फरक ज्याला कळत नाही त्याला त्या चटईवरून उठवून लावत. एका बाईंनी शेजारणीशी चुरस करत पायाचा अंगठा धरायचा हट्ट केला आणि ओठ चावून तशाच राहिल्या. कुंदाताईंनी त्यांना आठवडाभर नुसतं श्वास घ्यायला बसवलं. "इथं बक्षीस नाहीये," त्या म्हणाल्या. "दुखतंय ते लपवणाऱ्या माणसाला मी काय शिकवू?"

हे वाक्य मला नंतर फार आठवलं.

माझा खांदा आखडला तेव्हा त्यांनी तो ताब्यात घेतला. हात खांद्याच्या वर जाईना, वेणी घालता येईना, कपाटातला वरचा डबा काढायला नवऱ्याला हाक मारावी लागे. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले होते आणि मी ते तारीख पाहून उद्यावर टाकत होते. कुंदाताई सकाळी माझी डब्याची गडबड चालू असताना आत आल्या, मला फ्रिजशेजारच्या भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बोटं चालव वर. कोळी चढतो तशी." जिथं ताण आला तिथं त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. कधी रेघ वर गेली, कधी तिथंच राहिली, एकदा खालीही आली. खाली आली त्या दिवशी मी वैतागून रडले. त्यांनी जवळबिवळ घेतलं नाही. कुकरचा गॅस बंद केला, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सांधा म्हणजे दाराची बिजागरी. रोज उघडझाप केली तर चालते. तुझी गंजलीय, तुटली नाहीये. रडून झालं की बोटं भिंतीवर." पावसाळा संपता संपता माझा हात वरच्या डब्यापर्यंत पोचला. नंतर घराला रंग दिला तेव्हा तेवढा पट्टा मी तसाच ठेवायला सांगितला. रंगाऱ्याला ते पटलं नाही.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या आईचे शेवटचे दिवस खुर्चीत आणि पलंगावर गेले. आई एकेकाळी पाटावर बसून पुरणपोळ्या लाटायची. मग गुडघे गेले, मग कंबर, मग खाली बसणं सुटलं, मग उठणंच सुटलं. दोघांनी दोन्ही काखांत हात घालून उचलायचं. "आणि दर वेळी उचललं की आई डोळे मिटून घ्यायची," कुंदाताई म्हणाल्या. "दुखायचं म्हणून नाही हं. लाज वाटायची तिला. मी तेव्हाच ठरवलं, मला कुणी असं उचलायचं नाही. मी एकटी राहते, यजमान कधीच गेले, मूलबाळ नाही. बसेन तर माझी मी आणि उठेन तर माझी मी. बाकी देवानं काय वाट लावायची ती लावावी."

त्यांना जग जिंकायचं नव्हतं. जमिनीवर बसायचं आणि कुणाच्या हाताशिवाय उठायचं, एवढंच हवं होतं. पण त्या एवढ्यावर त्यांचा सगळा मान टांगलेला होता, आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

आता मोघे. मोघे आप्पा तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त, पोट पुढे आणि मत त्याच्याही पुढे. कुंदाताईंचा जमिनीवर जेवढा जीव, तेवढा मोघ्यांचा खुर्चीवर. ॲल्युमिनियमची, निळ्या कापडाची एक घडीची खुर्ची त्यांच्या काखेत कायम असायची. मीटिंगला खुर्ची, गच्चीवर कोजागिरीला खुर्ची, खाली भाजीवाल्याशी गप्पा मारायलाही खुर्ची. "माणूस झाडावरून खाली उतरला तो खुर्चीत बसायला," ते म्हणायचे. "टिपणीसबाई त्याला परत खाली नेतायत." वर्गात ते कधी आले नाहीत, पण वर्ग चालू असताना गच्चीवर खुर्ची टाकून पेपर मात्र वाचायचे, आणि मधूनमधून शेरे मारायचे.

"मोघे, पेपर उलटायला खांदा लागतो. तो आहे तोवर या," कुंदाताई त्यांच्याकडे न बघता म्हणायच्या.

आमच्या सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. चौथ्या दिवशी महाप्रसाद. पूर्वी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून, तेलाच्या डागांवर सतरंज्या टाकून पंगत बसायची. मग कुणाला बसवेना म्हणून टेबलं आली, टेबलांमागोमाग उभ्यानं जेवण आलं. एका वर्षी कुंदाताईंनी कमिटीशी भांडून पंगत परत आणली. "बाप्पा पाटावर बसलाय आणि आपण त्याच्यासमोर ताटली धरून उभे, लाज वाटत नाही?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. ज्यांना बसणं शक्य नाही त्यांच्यासाठी कडेला बाकं ठेवली. बाकीचे खाली.

मोघे खुर्ची घेऊन आले. पण त्या दिवशी पहिल्या पंगतीत त्यांचे व्याही होते, आणि व्याही टुणकन खाली बसले. मग काय करतात? खुर्ची भिंतीला लावली, खांबाला धरून हळूहळू खाली गेले आणि शेवटचं वीतभर अंतर धपकन पार केलं. जेवले मात्र झकास. मसालेभात दोनदा घेतला, जिलेबीचा आग्रह मोडला नाही. पंगत उठली. पानं उचलणारे आले. मोघे बसलेलेच.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, गप्पा मारतायत. मग लक्षात आलं की मोघ्यांना उठता येत नाहीये. दोघे-तिघे धावले. एकानं काखेत हात घातला, दुसऱ्यानं दंड धरला. मोघ्यांचा चेहरा लालबुंद.

"हात लावू नका त्यांना," असा आवाज आला. सपाट, स्वच्छ. कुंदाताई पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून आल्या आणि मोघ्यांसमोर चक्क आडव्या झाल्या. नेसत्या पैठणीत, सतरंजीवर. "माझ्याकडे बघा. आधी कुशीवर. हं. आता दोन्ही हात, दोन्ही गुडघे टेका. लहान मूल रांगतं तसं. हसणारे हसू देत. आता एक पाऊल पुढं रोवा. हात आपल्याच गुडघ्यावर. दुसऱ्याच्या नाही, आपल्याच. आता श्वास, आणि उठा."

मोघे उठले. त्यांच्या व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. मोघ्यांनी सदरा झटकला, खुर्ची काखेत मारली आणि लिफ्टकडे जाता जाता म्हणाले, "खाली बसवलं कुणी मुळात?" पण पुढच्या सोमवारी गच्चीवर त्यांची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती आणि आप्पा शेवटच्या रांगेत, कोऱ्या करकरीत चटईवर, पाय लांब करून शिव्या देत होते.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. महाप्रसादाची पंगत बसली आणि मी पाहिलं, कुंदाताई हातात वरणाचं भांडं घेऊन वाढत होत्या. पहिल्या पंगतीचं पहिलं पान त्यांचं, हे ठरलेलं. "तुम्ही बसा ना," कुणीतरी म्हणालं. "मी वाढते, मला हौस आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या पंगतीलाही वाढलं. तिसऱ्या पंगतीला कढीचं भांडं घेतलं. सगळे म्हणाले, बाईंचा उत्साह बघा. वाढताना कंबरेतून वाकत होत्या, पण डावा पाय जरासा मागे ठेवून. शेवटी घरी जेवते म्हणून डबा भरून घेऊन गेल्या.

पुढे वर्गात त्या उभ्यानं शिकवू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या रांगेतले दिसत नाहीत गं खाली बसून." आणि घरी, दार लोटून, त्या पायांचे तळवे जुळवून गुडघे जमिनीकडे दाबायचा तो फुलपाखराचा व्यायाम करायच्या. खुबा आखडलाय, ताणला की सुटेल, अशी त्यांची समजूत होती. सगळ्या बिल्डिंगला ताण आणि कळ यातला फरक शिकवलेल्या बाईला स्वतःच्या खुब्यातली कळ ताणच वाटत होती. की वाटून घेत होत्या, कोण जाणे.

एका दुपारी मी घरूनच काम करत होते. समोरच्या दारातून हाक आली. मोठी नव्हती, पण आवाज पोचवायचं त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असे. दार उघडलं तर कुंदाताई हॉलमध्ये चटईवर बसलेल्या, डावा पाय वाकडा, कपाळावर घाम.

मी पुढे झाले. "हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी उठते. तू फक्त थांब."

आणि मग त्यांनी सुरू केलं. आधी कुशीवर. ते जमलं. दोन्ही हात, दोन्ही गुडघे. तेही जमलं, पण तोंडातून आवाज निघाला. पाऊल पुढं रोवायला गेल्या आणि पाय उचललाच गेला नाही. पुन्हा कुशीवर. पुन्हा गुडघ्यांवर. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला ते बघवत नव्हतं. एखाद्या माणसाला त्याच्याच शब्दांनी दगा द्यावा तसं वाटत होतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, त्यांनी आत चहाला ठेवलेलं आधण आटून पातेलं करपल्याचा वास यायला लागला होता.

शेवटी त्या थांबल्या.

"उचल," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही काखांत हात घातले. त्यांनीच भिंतीवर चढवलेला माझा खांदा त्यांचा सगळा भार घेत होता. कुंदाताईंनी डोळे मिटून घेतले होते. उभ्या राहिल्या, पलंगावर बसल्या, तरी बराच वेळ ते मिटलेलेच होते. मी गॅस बंद करून आले, पाणी दिलं.

एक्स-रे निघाला. खुब्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. व्यायामानं हे झालेलं नाही, तो म्हणाला, उलट व्यायाम होता म्हणून इतके दिवस निभावलं. पण दुखत असताना ताणत राहिलात ते बरं केलं नाहीत. खुबा बदलावा लागेल. चालाल, जिना चढाल, सगळं कराल. खाली मात्र बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही.

"कधीपर्यंत?" कुंदाताईंनी विचारलं.

"कायमचं."

रिक्षात बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, पंगतीपासून?" मी म्हटलं, "संशय होता." "मला पण," त्या म्हणाल्या. "पण थांबले असते तर बसणं तेव्हाच सुटलं असतं. म्हटलं, जितके दिवस मिळतात तितके घेऊ."

ऑपरेशन नीट झालं. बोरिवलीची भाची येऊन राहिली. फिजिओथेरपीला एक मुलगी घरी यायची, तिला कुंदाताईंनी इतकं छळलं की बिचारी जिन्यात माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, त्या माझेच काउंट चुकतायत म्हणतात." पण चालायला लागल्या लवकर. काठी सुटली. घरात उंच पायांची खुर्ची आली, कमोडवर उंची वाढवणारी बैठक आली. हॉलमधली चटई गुंडाळून कपाटाच्या मागे गेली. माझ्याकडे आल्या की आता माझ्या सोफ्यासमोर उभ्या राहायच्या. सोफाही त्यांना खोल पडायचा. मी आतून जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून द्यायची. त्या बसायच्या, आणि सवयीनं एकदा खाली फरशीकडे बघायच्या.

गच्चीवरचा वर्ग बंद पडला नाही, हे मोघ्यांमुळे. ते इतरांना ओरडायचे, चुकीचं सांगायचे, पण रोज हजर असायचे.

त्यानंतरच्या दिवाळीत कुंदाताई कायमच्या भाचीकडे गेल्या. फोनवर बोलणं होतं, आवाज तसाच आहे. पण त्या मला दिसतात त्या जाण्याआधीच्या शेवटच्या गणपतीतल्या.

महाप्रसादाला येणार नाही म्हणत होत्या. मी आणि भाचीनं जवळजवळ ओढूनच खाली आणलं. पंगत मांडलेली. कडेची बाकं त्यांना बुटकी होती. त्या खांबाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी दर्शन घेऊन जाते." तेवढ्यात मोघे आले. काखेतली निळी खुर्ची त्यांनी उलगडली, पाय घट्ट आहेत का ते दाबून पाहिलं, वर एक जाड उशी ठेवली. उशी घरून आणली होती. खुर्ची त्यांनी पंगतीच्या पहिल्या पानाशी, रांगेतच ठेवली, आणि समोर एक स्टूल.

"बसा बाई."

"आणि तुम्ही?"

"मी काय, झाडावरून उतरलेलाच आहे," असं म्हणून मोघे शेजारच्या पानावर खाली बसले. या वेळी धपकन नाही बसले.

जेवण झालं. दोघं सगळा वेळ कढी आंबट झाली की नाही यावर भांडत होते. पंगत उठली तशी मोघ्यांनी पान दुमडलं आणि कुशीवर वळले. एक मुलगा धावत आला, त्यांच्या दंडाला धरायला.

"हात लावू नका त्यांना," खुर्चीतून आवाज आला.

मुलानं हात मागे घेतला. मोघे हातागुडघ्यांवर आले. पाऊल रोवलं. हात आपल्याच गुडघ्यावर. एकदा डगमगले, थांबले, आणि उठले.

"डावा घोटा अजून कडक आहे," कुंदाताई म्हणाल्या.

मोघ्यांनी सदरा झटकला. मग कुंदाताईंकडे वळून हात पुढे केला. खुर्चीला हात टेकायला दांडे नव्हते, आणि उशी घसरत होती. आजूबाजूला आम्ही सगळे, आणि बाई त्या हाताकडे बघतायत.

"आधी श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "धापा टाकताय."

मोघ्यांनी श्वास घेतला. मग कुंदाताईंनी त्यांचा हात धरला आणि उठल्या. मी मुद्दाम पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते.